एका कोयत्याचा बेडका

माझ्या नोकरीतला निम्मा वेळ मोठ्या माणसांना थुंकायला शिकवण्यात गेला. हसू नका. एसटीच्या खिडकीतून नेम धरून पिचकारी मारणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत, पण त्यांच्याच हातात झाकणाची डबी ठेवून "यात द्या" म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडाला कोरड पडते. एक माजी सरपंच डबी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गड्यानं डबी आणून दिली, स्वच्छ विसळून, फडक्यानं पुसलेली. एका आजोबांनी तंबाखूचा तोबरा तसाच डबीत सोडला आणि वर मलाच विचारलं, "पुरंल का आनखी देऊ?"

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. सोनईच्या बाजूला उसाचा जो पट्टा आहे तिथल्या एका सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची थुंकी तपासायचं माझं काम. यंदा निवृत्त झाले. लोक मला थुंकीवाल्या मॅडम म्हणत. आधी राग यायचा, मग सवय झाली, आणि आता कुणी म्हणत नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

खरं तर आम्हाला थुंकी नको असते, बेडका हवा असतो. थुंकी तोंडातली, तिच्यात रोग सापडत नाही. बेडका छातीतून यावा लागतो. "सकाळी उठल्याबरोबर चूळ भरा, खोल श्वास घ्या, धरा, सोडा, पुन्हा घ्या आणि मग पोटातून खाकरा," असं सांगून मी ते करूनही दाखवायचे. आमचे यजमान म्हणायचे की तू झोपेतसुद्धा खाकरतेस.

मग तो बेडका काचेवर पातळ पसरायचा, वाळवायचा, त्याला लाल रंग देऊन खालून आच दाखवायची आणि आम्लानं धुवायचा. आम्लानं सगळ्यांचा लाल रंग उतरतो. क्षयाच्या जंतूचा उतरत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणासारखं कवच असतं. शेवटी निळा रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकात पाहिलं की सगळीकडे निळं आणि त्यात या लालभडक, किंचित वाकड्या काड्या. निळ्यात लाल शोधायचं, एवढीच माझी विद्या. निळं म्हणजे आमच्या लेखी सारवलेलं अंगण, त्याच्याकडे कोण बघतं.

या विद्येचा गर्व एचआयव्हीनं उतरवला. फार वर्षांपूर्वी मिरजगावचा एक टेम्पोवाला आमच्याकडे यायचा. एवढ्या लांब यायचं कारण उघड होतं, गावात कुणाला कळायला नको. त्याला एचआयव्ही होता. अंगात ताप मुरलेला, पँट सुतळीनं आवळलेली, आणि माझ्याकडे त्याची काच कोरी. पुन्हा डबी दिली, पुन्हा कोरी. मी आपली आनंदानं सांगायचे, "दादा, काही निघालं नाही." तोही हात जोडून आनंदानं जायचा. पुढे मोठ्या दवाखान्यात त्याचा क्षय सापडला तेव्हा तो अंगभर पसरला होता, आणि मग तो राहिला नाही. त्या वेळी आमच्याकडे काचेपलीकडे काही नव्हतं आणि काचेवर खरंच काही नव्हतं. पण आपण किती थोडं बघतो, याची टोचणी तेव्हापासून लागली ती लागलीच.

असं का होतं, ते आमच्या डॉक्टर मॅडमनी एकदा चहा पिता पिता सांगितलं आणि माझा कप हातातच राहिला. आपण समजतो की खोकला, घट्ट बेडका, फुप्फुसाला पडलेलं भोक ही जंतूंची करणी. तर तसं नाही. जंतू आल्यावर आपलं शरीर जी मारामारी करतं, तिची ती मोडतोड असते. एचआयव्हीनं शरीरातले लढणारेच मारून टाकलेले असतात. मग मारामारी नाही, मोडतोड नाही, बेडका नाही. छातीचा फोटो जवळजवळ साफ. आणि जंतू मात्र रक्तातून, गाठींतून, पाहिजे तिकडे फिरतात. म्हणजे ज्याची काच कोरी त्याचाच रोग सगळ्यात मोठा, असंही असू शकतं. इतक्या वर्षांत मी हजारो काचा पाहिल्या होत्या, पण रोगाबद्दल इतकी नवलाची गोष्ट मी ऐकली नव्हती.

आमच्याकडे हे समजावून सांगायला बिबट्या बरा पडतो. उसात बिबट्या शिरला की तो दिसत नाही, वस्तीवरची कुत्री भुंकतात तेव्हा कळतं. ते भुंकणं म्हणजे खोकला. कुत्रीच मेली असतील तर वस्तीवर सगळं शांत असतं आणि बिबट्या गोठ्यापर्यंत आलेला असतो. म्हणून एचआयव्ही असलेलं माणूस दवाखान्यात कशालाही येवो, त्याला दर वेळी विचारायचं: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घामानं कपडे भिजतात का. एकालाही हो म्हटलं की तपासणी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. मागच्या हंगामातली आहे. नावं बदलली आहेत.

दिवाळी झाली की पाथर्डीच्या डोंगराकडून आमच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याजवळच्या माळावर कोप्या उभ्या राहतात, बांबूच्या आणि पाचटाच्या, वाकून आत शिरावं लागेल अशा. या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर वाहायच्या. एकाचं अडलं की दुसऱ्यानं ओढायचं. संध्याकाळी काम मोजतात ते दोघांचं मिळून एकच, कुणी किती केलं हे कुणी विचारत नाही.

रेणुका अशाच एका टोळीतली. तिचा नवरा वारला होता, पदरात एक लहान मुलगी. नवरा नाही म्हणजे कोयता नाही आणि कोयता नाही म्हणजे टोळीत जागा नाही. तेव्हा तिची सासू, कौसाबाई, पदर खोचून उभी राहिली आणि लेकाचा कोयता तिनं हातात घेतला. मुकादम आधी हसला म्हणे. मग पहिल्या दिवसाचा फड बघून गप्प बसला. तेव्हापासून सासू तोडायची आणि सून वाहायची.

रेणुका आमच्याकडे आली ती तापासाठी. गालफडं आत गेलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतील एवढी वाळलेली. डॉक्टर मॅडमसमोर एकटी असताना तिनं ब्लाउजमधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. एचआयव्हीचं. नवऱ्याच्या आजारात तिचीही तपासणी झाली होती, गोळ्याही सुरू झाल्या होत्या. पण एकदा हंगामाला बाहेर पडल्यावर गोळ्या संपल्या, फड बदलत गेले, त्या सुटल्या त्या सुटल्याच. रक्त तपासलं तर अंगातली ताकद तळाला गेलेली.

डबी घ्यायला ती माझ्या खिडकीशी आली, मागे वळून बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आत्यास्नी कळू देऊ नका." आमच्याकडे सून सासूला आत्या म्हणते.

"आमच्याकडून नाही कळणार," मी म्हटलं.

"त्यांनी मला टाकलं तर म्या पोरीला घिऊन कुटं जाऊ? माहेरी कुनी न्हाई."

तिच्या तोंडून खोकला म्हणून आला नाही. मी खाकरून दाखवलं, तिनं खाकरून बघितलं, नुसती लाळ आली. म्हटलं, "उद्या सकाळी घेऊन ये. लाळ नको बरं का, घट्ट हवं."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. डबी कौसाबाईच्या हातात होती, पदराखाली झाकलेली, देवाचा प्रसाद आणावा तशी. मी झाकण उघडलं आणि खूश झाले. घट्ट, पिवळा, भरपूर. बेडका बघून खूश होणारी माणसं जगात थोडीच असतात, त्यातली मी एक. नमुना मशीनमध्ये लावला. आता काचेच्या जोडीला मशीन आलं आहे, ते जंतूच्या मुळाचीच ओळख पटवतं आणि थोड्या वेळात उत्तर देतं. उत्तर आलं, क्षय आहे, जंतू भरपूर. नेहमीच्या औषधाला दाद देणारे आहेत, हेही कळलं.

झालं, लागा औषधाला. मी निकाल लिहायला घेतला आणि हात थांबला. ज्या वस्तीतली कुत्री मेलीत तिथं एवढं भुंकलं कोण? जिला खोकलासुद्धा नाही, जिच्या अंगात लढायला कुणी उरलेलं नाही, तिनं असला बेडका दिला कसा? होऊ शकतं, अगदीच अशक्य नाही. पण मन मानेना. उरलेला नमुना उजेडात धरून पाहिला तर त्यात काळे बारीक कण होते. मिश्रीचे. ते मी ओळखते, आमच्या आजीच्या चुळीत पाहिलेले आहेत. आणि काल खिडकीशी बोलणाऱ्या रेणुकाचे दात पांढरेशुभ्र होते.

मी डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही विचारा, पण एचआयव्हीचा शब्द निघायला नको." बाहेरच्यांना वाटेल की विचारायचं कशाला, औषध तर सुरू होणारच होतं. पण हा नमुना दुसऱ्या कुणाचा असेल, तर ते दुसरं माणूस क्षय घेऊन कोपीत खोकत बसलंय, लहान मुलीला उराशी घेऊन झोपतंय, आणि त्याला औषध नाही. शिवाय रेणुकाला नेमकं काय झालंय हे आम्हाला काहीच माहीत नाही.

कौसाबाई व्हरांड्यात बसून बोटानं मिश्रीच लावत होती. मी शेजारी बसले.

"मावशी, डबीतला बेडका कुणाचा?"

"आमचाच की."

"आमचा म्हणजे?"

तिनं पिंक टाकली, तोंड पुसलं आणि मला हे एवढं कसं कळत नाही अशा नजरेनं बघितलं. "पाटंपास्नं बसली हुती ती डबी घिऊन. खाकारती, डोळ्याला पानी येतं, पर येती ती लाळ. तुमी तर म्हनलात लाळ नको. रडाया लागली. म्या म्हनलं आन इकडं, मला काय खोकल्याला तोटा हाय व्हय? दिली भरून."

"अहो, पण तपासणी तिची होती!"

"मग? आमचा एकच कोयता हाय बाई. तिला जमलं न्हाई ते म्या केलं. मला न्हाई झेपत तवा ती वडती."

मला हसू आलं. हिला फसवायचं नव्हतं. लेकाच्या जागी उभी राहिली होती तशीच ती सुनेच्या छातीच्या जागी उभी राहिली होती. आयुष्यभर कुणी कुणाचं काम वेगळं मोजलं नाही, तर बेडका तेवढा वेगळा मोजतात हे तिला कसं कळावं?

"मावशी, हा खोकला तुम्हाला कधीपासून?"

"दरसालचं हाय ते. पाचटाचा धुरळा बसतो छातीत."

मी तिला मागच्या मोकळ्या जागेत नेलं आणि समोर उभं राहून तिच्या स्वतःच्या नावानं डबी भरून घेतली. मशीननं तेच सांगितलं. कौसाबाईला क्षय होता, आणि चांगला मुरलेला होता. तिला सांगितलं तर ती हात झटकून म्हणाली, "मला काय धाड भरलीया? सुनंचं बगा आदी."

सुनेचं तेच तर दिसत नव्हतं. रेणुकाकडून तिचा स्वतःचा नमुना घेतला, जो काही निघाला तो. मशीनला त्यात काही सापडलं नाही. जुन्या सवयीनं काच केली. लाल नाही. निळंसुद्धा जवळजवळ नाही, लाळेतल्या चार पेशी विखुरलेल्या, बाकी मोकळं रान. मला मिरजगावचा टेम्पोवाला आठवला. दुपारपर्यंत रेणुकाला धड बसवेना, ताप चढला, तिला खाटेवर घेतलं. कौसाबाई उशाशी बसून पदरानं वारा घालत होती.

आमच्याकडे नुकतीच एक नवी पट्टी आली होती. लघवीची. एचआयव्हीत ताकद फार उतरली असेल तर वापरायची. खरं सांगते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. छातीचा रोग आणि लघवीत शोधायचा? पण त्यामागचा विचार ऐकला आणि वाटलं, ज्याला हे सुचलं त्याच्या पाया पडावं. शरीर इतकं हरलेलं असतं की जंतू सगळीकडे पोचलेले असतात, आणि त्यांच्या त्या मेणचट कवचाचे तुकडे लघवीतून झिरपतात. बिबट्या उसात दिसत नाही, पण पाटाच्या ओल्या कडेला त्याची पावलं उमटतात. ज्या दुबळेपणामुळे बेडक्यात काही मिळत नाही, त्याच दुबळेपणामुळे इथे मिळतं. आयुष्यभर मी छातीच्या वाटेवर पहारा देत बसले होते आणि पाऊलखुणा भलत्याच वाटेवर होत्या.

रेणुकाला डबी दिली. कौसाबाई लगेच उठली.

"मावशी, तुम्ही बसा," मी म्हटलं. "हिची हीच देणार."

"मी काय म्हनलं का काय?" असं म्हणत ती बसली, पण डबीवरची नजर काही हटवेना.

पट्टीवर थेंब टाकले आणि मी समोर बसून राहिले. लोक देवापुढे डोळे मिटून बसतात, मी उघडे ठेवून बसले होते. आधी पट्टी चालते आहे हे सांगणारी रेघ आली. मग तिच्या खाली, हळूहळू, फिकट जांभळी दुसरी रेघ उमटायला लागली. ज्यानं माझ्या काचेला हुलकावणी देऊन त्या टेम्पोवाल्याला नेलं, तो चोर इथं दोन बोटांच्या कागदावर सापडला होता. मी पट्टी घेऊन डॉक्टर मॅडमकडे अक्षरशः पळत गेले, या वयात.

दोघींनाही औषध सुरू झालं. रोग एकच, एकाच कोपीतला, बहुतेक सासूकडून सुनेला गेलेला. पण सासूच्या छातीत त्यानं हलकल्लोळ केला होता आणि सुनेच्या अंगात तो पाऊल न वाजवता हिंडत होता. नातीची तपासणी केली, ती साफ निघाली, तिला रोग होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. क्षयाचं औषध अंगी लागल्यावर रेणुकाच्या एचआयव्हीच्या गोळ्याही पुन्हा सुरू केल्या. ताप उतरला. ती भाकरी खायला लागली, एकदा तर माझ्याशी हसली.

आणि मग एके दिवशी सकाळीच कौसाबाई माझ्या खिडकीवर आदळली.

"बाई, काय दिलंय तुमी तिला? बरी हुती, आता मानंला गाठी उठल्या, ताप फनफनलाय, आन् खोकती, खोकती, थांबना! त्या दुसऱ्या गोळ्या बंद करा."

"कोणत्या दुसऱ्या?"

तिनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "रातच्याला लपून घेती त्या. मला येडी समजता व्हय? ज्याच्यापायी तिला ह्ये झालं त्याची मी आई हाय. तो कशानं गेला मला ठावं न्हाई?"

मी हो म्हणू शकत नव्हते आणि नाहीही म्हणू शकत नव्हते. सगळा वेळ, त्या डबीच्या दिवशीसुद्धा, हिला माहीत होतं. एक बाई दुसरीपासून जीव मुठीत धरून एक गोष्ट लपवत होती आणि दुसरी ती गोष्ट माहीत असूनही, सुनेला लाज वाटू नये म्हणून, माहीत नसल्याचं सोंग करत होती. तेही ज्या कोपीत धड कूस बदलता येत नाही तिथे.

"तिला म्हनू नका मला ठावं हाय म्हनून," कौसाबाई म्हणाली. "मान खाली घालंल पोरगी."

"मावशी, कुणाच्या कोणत्या गोळ्या ते मी बोलणार नाही," मी म्हटलं. "पण एकही गोळी बंद करायची नाही. तिला आत्ता घेऊन या."

डॉक्टर मॅडमनी रेणुकाला नीट तपासलं. दुसरं काही नाही ना, औषध नीट पोटात जातंय ना, सगळं बघितलं आणि मग जे सांगितलं ते मला आधी पुस्तकी भाषेत माहीत होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गोळ्यांनी अंगात ताकद परत यायला लागते. मेलेली कुत्री जागी होतात. आणि जागी झाल्यावर त्यांना दिसतं की बिबट्या अंगणातच आहे. मग एकच गलका होतो, ताप, गाठी, खोकला. बाहेरच्याला वाटतं रोग वाढला. कधीकधी हा गलका जिवावरही बेततो, म्हणून जपावं लागतं. रेणुकाला ठेवून घेतलं, गलका आटोक्यात राहावा म्हणून औषध दिलं. कौसाबाईला मी हीच बिबट्याची गोष्ट सांगितली, कुत्री कशानं मेली होती आणि कुठल्या गोळ्यांनी जागी झाली हे गाळून.

"म्हंजी ही खोकती ती बरी व्हाया लागली म्हनून?"

"बहुतेक तसंच."

"बहुतेक नगं. नीट बगून सांगा."

दुसऱ्या दिवशी रेणुका खाटेवरून उठून स्वतः डबी घेऊन आली. कौसाबाई मुद्दाम दोन हात मागे उभी होती, हात पाठीशी बांधून. डबीत बेडका होता, खरा, घट्ट. रेणुका खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "मॅडम, काल रातच्याला म्या गोळी काढली तर आत्यांनीच पान्याचा तांब्या म्होरं केला. काय बोलल्या न्हाईत. म्या बी न्हाई बोलले." तिचे डोळे भरलेले होते आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

मी काच केली. लाल रंग, आच, आम्ल, निळा रंग. सगळा जन्म केलं तसंच. डोळा लावला आणि सवयीनं लाल शोधायला लागले. दोन-तीन काड्या होत्या, मोडक्यातोडक्या, कडेला पडलेल्या. नोंद झाली, काम संपलं. पण डोळा काढवेना.

सगळीकडे निळं होतं. आधीच्या मोकळ्या रानात आता निळ्या पेशींची दाटी होती, खांद्याला खांदा लावून, जिथं काच सरकवावी तिथं. ज्यांना मी अंगण म्हणत होते ती लढायला आलेली फौज होती. मी जन्मभर त्यांच्यावरून नजर फिरवून चोर मोजत होते. आमच्या निकालाच्या कागदावर लालसाठी जागा आहे, निळ्यासाठी नाही, आणि मलाही कधी वाटलं नव्हतं की असावी. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना मी पहिल्यांदा निळ्याकडे बघत होते, आणि मला बघणं पुरेना.

मी दार उघडून कौसाबाईला आत बोलावलं. तिच्या औषधाला पुरेसे दिवस झाले होते, आता तिच्यापासून धोका नव्हता. स्टुलावर बसवलं. तिनं आधी नको तो डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही, आणि शेवटी जमलं.

"निळंच हाय समदं," ती म्हणाली. "रोग कुटं हाय?"

"रोग लाल असतो. तो थोडा उरलाय, कडेला. तुम्ही निळं बघा. ते त्याच्याशी भांडायला आलेत. त्या दिवशी तिच्या काचेवर यातलं काही नव्हतं."

"हे समदं तिचं हाय?"

"तिचंच, मावशी."

तिनं डोळा काढलाच नाही. तशीच वाकलेली राहून, एक हात दाराकडे लांब करून तिनं हाक मारली.

"रेनुके, आत ये. तुजं तू बग. ह्यात माजं कायबी न्हाई."